कापलेल्या फोटोचा दुसरा अर्धा

कुंदा मंगळवारी गेली. सकाळी तिने दूध तापत ठेवलं. दूध उतू गेलं, गॅस विझला, वास आला म्हणून खालच्या मजल्यावरच्या पद्माक्कांनी दार वाजवलं. दुपारी मला सातार्‍याला फोन आला. बुधवारी मी बंगळूरला पोचलो. संध्याकाळी तिचं सगळं केलं.

तेराव्याला फोटो लागतो, हे मला तेव्हा आठवलं. माझ्या या धाकट्या बहिणीने तीसेक वर्षं बंगळूरच्या रस्त्यांवरच्या माणसांचे फोटो काढले आणि तिचा स्वतःचा फोटो आमच्याकडे नव्हता. कुणी तिच्यावर कॅमेरा रोखला की ती तो हातातून काढून घ्यायची आणि त्याचाच फोटो काढायची. शेवटी तिच्या कचेरीच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून आणला. तिकिटाएवढा होता तोवर त्यात कुंदा होती. मोठा झाल्यावर ती कुणीही बाई दिसू लागली. माझी बायको सुधा म्हणाली, "हा भिंतीवर नको. रोज बघून वाटेल, ही कोण, आणि कुंदा कुठे?" मी खिळा ठोकला होता, तो तसाच राहिला. वर्षश्राद्धाला चौरंगावर नुसती शेवंतीची फुलं ठेवली.

यंदा थंडीत बसवराजचा फोन आला. बसवराज हा कुंदाचे फोटो छापून देणारा, तिचा जुना स्नेही. तिच्या सगळ्या कामाचं प्रदर्शन भरणार होतं. मी उद्घाटनाला यावं अशी त्याची इच्छा होती, आणि शक्य तर चार दिवस आधी.

"एक फोटो मिळेना झालाय अण्णा," तो म्हणाला. "त्यात अक्का स्वतः आल्यात. आरशात. तेवढा एकच."

मी दुसर्‍या दिवशी तिकीट काढलं. लोकांना सांगितलं, प्रदर्शनाला जातो आहे. खरं तर मी खिळ्यासाठी चाललो होतो.

जयनगर

आमच्या घरात 'अण्णा' म्हणजे मी एकटा. कुंदाने मला दुसर्‍या कुठल्या नावाने कधी हाक मारली नाही. बंगळुरात मात्र रिक्षावाला अण्णा, इडलीवाला अण्णा, रस्ता विचारायचा तो पोलीसही अण्णा. पहिल्या दिवशी जयनगरच्या बाजारातून चालताना मी सारखा मागे वळून बघत होतो. तासाभराने सवय झाली. मग जरा वाईट वाटलं.

कुंदाचं घर दुसर्‍या भाडेकरूंकडे गेलं आहे, म्हणून मी खाली पद्माक्कांकडे उतरलो. त्यांना मराठी येत नाही, मला कन्नड येत नाही. दोघांचं हिंदी सारखंच कच्चं असल्यामुळे आमचं छान जमलं. हे दिवस अवरेकाळूंचे. आपल्या पावट्याचंच हे भावंड, पण इथे त्याचं कौतुक फार. आपण पावटा सोलतो आणि फोडणीला टाकतो. इथे दाणा रात्रभर भिजवून वरची साल पुन्हा चिमटीने काढतात. आत जे मऊ, पोपटी निघतं त्याची आमटी, त्याचं उप्पिट्टू, त्याचाच चिवडा. पद्माक्कांच्या जेवणाच्या टेबलावर ही चिमटी सदैव चालू असे. मलाही एक वाटी दिली. माझ्या हातून निम्मे दाणे उडून जमिनीवर जात. "स्वल्प धीरे," त्या म्हणत, म्हणजे जरा हळू. "कुंदाक्का भी ऐसाच. एक दाना वाटी में, एक नीचे." इतकी वर्षं भावंडं वेगळ्या गावांत राहिली, तरी धांदरटपणा वाटून घेतलेला होता, हे ऐकून बरं वाटलं.

संध्याकाळी बसवराज आला. पन्नाशीचा, मूळ निपाणीचा. घरात कन्नड, शाळा मराठी, त्यामुळे दोन्ही भाषा एकाच श्वासात बोलतो. आम्ही कोपर्‍यावरच्या उडुपी हॉटेलात उभ्या उभ्या कॉफी घेतली. इथे दोघांत एक कॉफी मागायची रीत आहे, तिला 'बाय टू' म्हणतात. आपल्याकडे पाहुण्यासमोर अर्धा चहा मागायला माणूस लाजेल. इथे बँकेतले साहेबही मागतात. कारण काटकसरीचं नसावं. अर्धी कॉफी लवकर संपते आणि मग आणखी एक बाय टू मागता येते, म्हणजे गप्पा लांबतात.

"अक्कांची एक पद्धत होती बघा," बसवराज सांगू लागला. "फोटो काढला की माझ्याकडं एक प्रिंट करायच्या, आणि पुढच्या रविवारी त्या माणसाला नेऊन द्यायच्या. पत्ता नसला तर त्याच फुटपाथवर उभ्या राहायच्या, तो येईपर्यंत. लोक त्यांना फोटोअक्काच म्हणायचे. निम्मं बेंगळूर माझ्या लॅबमधनं भिंतीवर गेलंय की ओ."

कुंदा एका सरकारी कचेरीत नकाशे काढायची. रविवारी रस्ते पायी फिरायची. मला वाटे, ती फोटो जमवते. ती वाटत होती, हे मला त्या बाय टू कॉफीवर कळलं.

मग त्याने मुद्द्याची गोष्ट सांगितली. कुंदाचं निगेटिव्हचं कपाट न्हाणीघराच्या भिंतीला लागून होतं. काही पट्ट्यांना बुरशी लागून त्यांचा चिकट गोळा झाला. आरशातला फोटो त्यांतलाच. त्याची प्रिंट एकच, आणि ती चिक्कपेटमधल्या एका मराठी घरात.

"मग मागून घ्यायची."

"दोनदा मागितली. देईनात. तुम्ही अक्कांचे सख्खे भाऊ, त्यात मराठी. तुम्हाला नाही म्हणायला जड जाईल त्यांना." मग कॉफी संपवून म्हणाला, "आणि एक सांगायचं राहिलं. तो फोटो त्यांनी कापलाय."

चिक्कपेट

चिक्कपेटच्या गल्लीत दोन माणसं शेजारी चालू शकत नाहीत, पण हातगाडी, स्कूटर आणि गाय एकाच वेळी जाऊ शकतात. कापडाचे गठ्ठे डोक्यावर घेतलेले हमाल "दारी, दारी" म्हणत वाट मागत होते. फोटो ज्यांच्याकडे होता त्या पांडुरंगअण्णांचं दुकान बटणं, लेस आणि अस्तराचं; बसवराज मला तिथे घेऊन गेला. त्यांचे पणजोबा सोलापूरकडून शिवणकामाला इथे आले आणि इथलेच झाले. घरात अजून मराठी बोलतात. पुण्याच्या माणसाने ती ऐकली तर भुवया उंचावेल, पण मला ती ऐकायला गोड वाटली. कुणी तरी जुनं पातळ जपून वापरावं, आणि फाटलं तिथे शेजारणीच्या कापडाचं ठिगळ लावावं, तशी.

"बसा की. ऊटा झाला काय? नाही? मग वर चला, जेवूनच बोलू." पांडुरंगअण्णा साठीकडे झुकलेले, गळ्यात टेप, कपाळावर गंध. "फोटोअक्कांचे अण्णा म्हणजे आमचेही अण्णाच."

दुकानाच्या वरच राहतं घर. जिन्यातून वर आलं की समोर त्यांच्या आईचा, विमलक्कांचा फोटो. चंदनाचा हार, काचेवर कुंकवाचं बोट, खाली पणती. मी चपला काढून नमस्कार केला आणि मग नीट बघितलं.

विमलक्का हसत होत्या. दात दिसतील असं, डोळे मिटतील असं. मान डावीकडे वळलेली होती, कुणी तरी काही तरी बोललं होतं आणि त्या त्याला हसत होत्या. पण डावीकडे कुणी नव्हतं. कडेपासून कडेपर्यंत निळा रंग होता, स्टुडिओत देतात तसा आभाळी. त्या त्या निळ्याकडे बघून हसत होत्या.

"मूळ फोटो दुकानाच्या पायरीवरचा," बसवराज मला म्हणाला. "दोघी जावा अवरे सोलत बसलेल्या. दुकानासाठी नवा आरसा आलेला, तो मागं टेकवलेला. ह्या इकडं, सरसक्का तिकडं, आरसा सरसक्कांच्या मागं."

"मग दुसरा भाग?"

"सरसक्कांकडं," पांडुरंगअण्णा म्हणाले. "माझी काकू. सर्जापूर रोडला असते, मुलाकडं."

त्यांच्या पत्नी गीताक्का ताटं मांडत होत्या. "आणि विचारा ह्यांना, सासूबाईंचा उजवा हात कुठं गेला," त्या हसू दाबत म्हणाल्या. "स्टुडिओवाल्यानं एक हात कमी दिलाय."

"पदर दिलाय की त्या जागी!"

"पदरानं काय आशीर्वाद देतात?"

मी पाहिलं, खरंच खांद्यापाशी एक रंगवलेला पदर होता आणि तो जरा जास्तच सरळ पडला होता.

जेवताना पांडुरंगअण्णांनी कारण सांगितलं. आई गेली तेव्हा घरात तिचा हसरा असा हाच फोटो. हार घालायचा तर त्यात जिवंत माणूस कसं ठेवायचं? हे आपल्याकडेही कुणी करणार नाही. घाईत स्टुडिओत नेला, काकूंना बाजूला केलं, उरलेला तुकडा गीताक्कांनी काकूंना नेऊन दिला. त्याच वर्षी दुकानाची वाटणी झाली होती.

"काकूनं मनाला लावून घेतलं. म्हणाली, दुकानातनं वेगळं केलं ते केलं, फोटोतनंपण? तेव्हापासनं ह्या घरात पाय नाही." ते भात कालवत राहिले. "तिला कापलं नाही ओ अण्णा. तिला वाचवलं. हाराखाली कसं ठेवू तिला? माझी आई बटणं विकायची, मला काकूनं वाढवलंय."

"हे त्यांना सांगितलंत?"

"कसं सांगायचं? तू मरू नयेस म्हणून कापलं, असं? 'मर' हा शब्द काकूपुढं तोंडातनं कसा काढायचा?"

मी जन्मभर पुस्तकांत काम केलेला माणूस, सातार्‍याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. न बोललेल्या गोष्टींवर किती तरी पानं वाचली होती. इतकं साधं कारण कुठे वाचल्याचं आठवलं नाही.

फोटो द्यायला ते तयार झाले. अटी दोन. आईपुढे रोज दिवा लागला पाहिजे. आणि काकूंचा तुकडा मिळालाच, तर तो आईच्या फोटोला जोडायचा नाही. "हार घातलेल्या माणसाशेजारी जिवंत माणूस नको. काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?"

बसवराजने माझ्याकडे पाहिलं. प्रदर्शनासाठी तर तो फोटो अखंड हवा होता.

हार उतरवण्याआधी गीताक्कांनी गूळ-खोबर्‍याचा नैवेद्य दाखवला आणि फोटोला म्हणाल्या, "चार दिवस जाऊन या. सगळे बघायला येणार आहेत तुम्हाला." मग मोकळ्या झालेल्या जागेकडे बघून नवर्‍याला म्हणाल्या, "कॅलेंडर लावा तोवर. भिंत बघवत नाही." मला ते कळलं.

हेब्बाळ

दुसर्‍या दिवशी बसवराजला हेब्बाळला एका गिर्‍हाइकाकडे जायचं होतं. मला त्याने तळ्याकाठी सोडलं. उंच रस्त्यावरून गाड्यांची रांग वाहत होती, पलीकडे काचेच्या इमारती, आणि मध्ये पाण्यात पेलिकन निवांत बसलेले. काठावर पक्षी बघणारे लोक मोठमोठ्या लेन्स लावून उभे होते.

प्रदर्शनात इथला कुंदाचा एक फोटो आहे, तो मी आधी पाहिला होता. त्यात पक्षी नाहीत. पक्षी बघणार्‍यांच्या पाठी आहेत, आणि त्यांच्यामागे त्या सगळ्यांचे डबे सांभाळत बसलेली एक बायको, जांभई देणारी. मी बाकावर बसून तेच केलं, माणसं बघितली. एका म्हातार्‍या जोडप्याने शेजारी बसून मला कोडबळे दिले. कशासाठी, ते विचारलं नाही. कडबोळ्यांचे चुलतभाऊ, फक्त जास्त तिखट. डोळ्यांत पाणी आलं तेव्हा त्या बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली. "खारा?" असं विचारलं. मी मान हलवली. तिखटाला ते खारा म्हणतात. पाणी निव्वळ तिखटाचं नव्हतं, पण एवढं कुठल्या भाषेत सांगायचं?

सर्जापूर रोड

सर्जापूर रोडला पोचायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात सातार्‍याहून पुणं गाठता आलं असतं. रिक्षावाल्याने चुकीच्या फाटकापाशी उतरवलं. एका नावाच्या दोन सोसायट्या शेजारी शेजारी होत्या, आणि मधली भिंत चालून संपत नव्हती. बरोबर फाटकावर पोचलो तर रखवालदाराने मोबाइल वर करून माझा फोटो काढला. घामेजलेला, टोपी तिरकी. "आयतु," म्हणाला, झालं. तो फोटो मला आणून द्यायला कुणी येणार नव्हतं.

सरसक्का अकराव्या मजल्यावर राहतात. दार त्यांनीच उघडलं. लहानशा चणीच्या, नऊवारीसारखं घट्ट नेसलेलं पाचवारी, वर मुलाचा ढगळ स्वेटर. आतल्या खोलीत मुलगा इंग्रजीत मीटिंग करत होता.

"माझ्यापेक्षा लहान दिसतोस, तू म्हणते," त्या म्हणाल्या. "बस. फोटोअक्काचा अण्णा ना तू? नाक तेच. पांडूकडं जाऊन आलास? विमलीचा फोटो बघितलास?"

"हो."

"हसते ना अजून?"

"हसतात."

"हसणारच. मी काय बोलले ते तिलाच माहीत." आणि त्या स्वतःशीच हसल्या. काय बोलल्या ते मात्र मला सांगितलं नाही.

मी काही मागायच्या आधीच त्यांनी कपाटातून टॉवेलात गुंडाळलेला फोटो आणला आणि माझ्या मांडीवर ठेवला. मी टॉवेल उघडायला वेळ लावला.

सरसक्का पायरीवर बसल्या होत्या, मांडीवर सूप, सुपात शेंगा, चेहर्‍यावर कुणाला तरी हसवल्याचं समाधान. त्यांच्या गुडघ्यावर एक हात होता. काकणांसकट, कोपरापर्यंत. तिथे फोटो संपत होता.

"हा विमलीचा," सरसक्का म्हणाल्या. "हात माझ्याकडंच राहिला."

मागे आरसा होता. आरशात गल्ली, उलटी पाटी, हातगाडीचं चाक, आणि मधोमध कुंदा. कॅमेर्‍याने डोळे झाकलेले. कपाळ दिसत होतं, वार्‍याने उडालेली बट, दोन्ही कोपरं अंगाशी आवळलेली. आणि तोंड. जिभेचं टोक दातांत धरलेलं. लहानपणी सुईत दोरा ओवताना ती असंच करायची आणि आई ओरडायची, जीभ तुटेल. चाळिशीतली बाई फुटपाथवर उभी राहून, गावच्या घरातल्या उंबर्‍यावर बसल्यासारखं तोंड करून फोटो काढत होती.

ती कुंदा होती. ओळखायला मला काही करावं लागलं नाही.

सरसक्का उठून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. त्यांनी कॉफी केली होती, पण ती त्यांनी मुद्दाम उशिरा आणली असावी.

"फोटोअक्का गेली तेव्हा सून म्हणाली," त्या कप ठेवत म्हणाल्या, "अत्ते, आता ह्यातपण एक गेलेलं माणूस आलं. ते कापून टाकू, नाहीतर तुम्हाला बरं नाही. मी म्हटलं, अजून किती कापणार? मग मीच एकटी उरेन, गुडघ्यावर हात नसलेली."

मी त्यांना पांडुरंगअण्णांचं बोलणं सांगितलं. शब्द न बदलता सांगितलं, 'वाचवलं' हा त्यांचाच शब्द वापरून. 'मर' म्हणायला जीभ कशी रेटली नाही, तेही सांगितलं. निरोप्याचं काम मी पूर्वी कधी केलं नव्हतं. ते इतकं अवघड असेल असं वाटलं नव्हतं. समोरच्या माणसाचा चेहरा बदलताना आपल्याला तिथेच बसून राहावं लागतं.

सरसक्का बाल्कनीतून खाली बघत राहिल्या. खाली पोहण्याचा निळा तलाव होता, त्यात कुणी नव्हतं.

"खुळा," त्या शेवटी म्हणाल्या. "लहानपणी अस्सा होता. चूक केली की बोलायचा नाही, माझ्या चपला पुसून ठेवायचा. एवढा घोडा झाला. कात्री चालवता येते, बोलता येत नाही."

"मग फोटो द्याल? प्रदर्शनाला?"

"देणार नाही."

मी टॉवेल पुन्हा गुंडाळू लागलो.

"मी घेऊन येणार," त्या म्हणाल्या. "माझा फोटो आहे. लोकांनी बघायचा तर मी तिथं असायला पाहिजे. आणि मुलाच्या गाडीचं मला सांगू नको, बस मला चढता येते."

उद्घाटनाचा दिवस

प्रदर्शन एका कला महाविद्यालयाच्या दालनात होतं. तिथल्या शिक्षिका नंदिनी यांनी ते मांडलं होतं. भिंतीवर वर्षं लिहिली नव्हती, रस्त्यांची नावं लिहिली होती. मला ते आवडलं. माणूस शहरात वर्षांतून चालत नाही, रस्त्यांतून चालतो.

स्कूटरवर मागे बसून उभा आरसा धरलेली बाई होती, आरशात मागचा सगळा रस्ता उलटा पळतोय. मिरचीच्या पोत्यांवर झोपलेला माणूस, नाकाला रुमाल बांधून. फुलबाजारात एकाच छत्रीखाली भांडणार्‍या दोघी. कोर्टाबाहेरचा टायपिस्ट, दुसर्‍याच्या घटस्फोटाचा कागद टाइप करताना डबा खाणारा. तीस वर्षांत दुकानांच्या पाट्या बदलल्या, झाडं गेली, रस्त्यावर खांब उभे राहिले, पण कुणीही कॅमेर्‍याला घाबरलेलं दिसलं नाही. फोटो पुढच्या रविवारी घरी येणार, हे या माणसांना माहीत होतं.

अर्ध्याहून अधिक चौकटी घराघरांतून मागून आणलेल्या होत्या. काहींच्या काचेवर कुंकू तसंच होतं. नंदिनींनी कुणालाही ते पुसू दिलं नव्हतं. फोटोतली माणसं, त्यांची मुलं-नातवंडं, सगळे बघायला आले होते. एक रिक्षावाले स्वतःच्या तरुणपणच्या फोटोशेजारी हाताची घडी घालून उभेच राहिले होते. येईल त्याला सांगत होते, "नाने. मैंच हूं."

विमलक्का कोपर्‍यात होत्या, चंदनाचा हार पुन्हा घातलेला, पुढे दिवा. पांडुरंगअण्णा तिथेच खुर्ची टाकून बसले होते. दारातून सरसक्का आत आल्या, काखेत टॉवेल. बसने आल्या होत्या, मुलगा मागून गाडीने.

पांडुरंगअण्णा उठले. मला वाटलं पाया पडतील. ते नुसते उभे राहिले.

"वजन वाढलंय तुझं," सरसक्का म्हणाल्या.

"तू वाळलीस."

"अकराव्या मजल्यावर कोण खायला घालतं? सरक."

त्यांनी टॉवेल सोडला आणि फोटो विमलक्कांच्या फोटोच्या डाव्या अंगाला धरला. पांडुरंगअण्णांनी त्यांचा हात धरला.

"काकू, नको. जोडू नको. तुला काही झालं तर..."

"हे कुणाचं?" सरसक्कांनी फोटोतल्या गुडघ्यावर बोट ठेवलं.

पांडुरंगअण्णा वाकले. तो तुकडा त्यांनी बहुधा त्या दिवसानंतर पाहिलाच नव्हता. हिरवी काकणं, त्यांतलं एक चपटं झालेलं.

"आईचा हात."

"इतकी वर्षं माझ्या कपाटात आहे. गेलेल्या बाईचा हात, माझ्या गुडघ्यावर. मला काय झालं? गुडघा दुखतो, तो तसाही दुखला असता."

गीताक्का हसल्या, आणि मग पांडुरंगअण्णांना रडू आलं. माणसं होती म्हणून त्यांनी गळ्यातल्या टेपने चष्मा पुसल्यासारखं केलं. सरसक्कांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. त्या नंदिनींना खिळ्याची जागा दाखवत होत्या.

तरी अट पुरती सुटली नाहीच. पांडुरंगअण्णा म्हणाले, चिकटवायचे नाहीत, मध्ये चार बोटं जागा ठेवा. सरसक्का म्हणाल्या, दोन. शेवटी तीन बोटांवर ठरलं, आणि बोटं कुणाची यावर पुन्हा थोडं झालं. आता विमलक्का निळ्याकडे बघून हसत होत्या, पण तीन बोटं पलीकडे सरसक्का होत्या. दुरून बघितलं तर मधली भिंत दिसत नव्हती.

पद्माक्का कुंदासाठी मल्लिगेचा, म्हणजे मोगर्‍याचा, गजरा घेऊन आल्या होत्या, हातभर लांब. एका फोटोला हार आहे, म्हणून त्यांनी दुसर्‍याकडे पाहिलं, आरशातली कुंदा ओळखली आणि डोळे पुसत गजरा चौकटीवर टाकायला हात वर केला.

"ताळी, ताळी," सरसक्का पुढे झाल्या. थांबा, थांबा. मग कन्नडमध्ये त्यांना काही सांगितलं आणि माझ्याकडे वळून तेच मराठीत सांगितलं. "तिला हार घातला तर मलाही पडतो. ती माझ्या बाजूला आहे. माझ्या बाजूला हार नाही."

पद्माक्का गोंधळल्या. मग त्यांनाही हसू आलं. त्यांनी गजर्‍याचे तुकडे केले आणि भोवतीच्या बायकांना वाटले, नंदिनींना, गीताक्कांना, फोटो बघायला आलेल्या अनोळखी मुलींना. एक सरसक्कांच्या अंबाड्यात खोवला.

मी सातार्‍याला परतून आता दोन महिने झाले. प्रदर्शन संपलं. विमलक्का चिक्कपेटच्या भिंतीवर आहेत. त्यांच्याशेजारी तीन बोटं सोडून एक खिळा ठोकलेला आहे, तो मोकळा आहे, आणि सरसक्का महिन्यातून एकदा तिथे जेवायला जातात. त्यांचा तुकडा कपाटातच आहे. बसवराजने त्याची प्रत करून मला पाठवली.

माझ्या घरी आता कुंदाचा फोटो आहे. त्यात तिचे डोळे दिसत नाहीत. त्यात सरसक्काही आहेत, आणि त्या जिवंत आहेत, म्हणून त्याला हार घालता येत नाही.